शाळेच्या उंबरठ्याच्या आत



गटाच्या बैठकीत हप्ता गोळा होतो, सह्या-अंगठे होतात, आणि मग खऱ्या गप्पा सुरू होतात. या पावसाळ्यात त्या गप्पांमधून आमच्या कानावर एकच गाऱ्हाणं फिरून फिरून आलं. पाचवीपर्यंत तोंडाचा पट्टा चालू असणारं पोर सहावी-सातवीत गेलं की गप्प होतं. शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं. कधी कुणाशी मारामारी करून येतं, विचारलं तर दार आपटतं. घरात म्हणतात, लाडावलंय. शाळेत म्हणतात, घरचं वळण नाही. आई बिचारी दोन्हीकडून बोलणी खाते.

आज आम्ही यावर उपदेश करणार नाही. एक इतिहास सांगणार आहोत. शाळेनं मुलांच्या मनाचीही काळजी घ्यायची असते, हा विचार एका शहरातल्या दोन गरीब शाळांमध्ये कसा रुजला, कुठे फळला आणि कुठे वाळून गेला, त्याचा हा इतिहास. शहर अमेरिकेतलं आहे, नाव न्यू हेवन. पण दूरचं म्हणून परकं समजू नका. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली, ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केली होती. ज्यांच्या बेड्या तुटल्याचं जोतीरावांना इतकं अप्रूप वाटलं, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांची ही गोष्ट आहे.

सुरुवात एका आईपासून करू. तिचं नाव मॅगी. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी राज्यात, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या काळ्या कुटुंबात ती जन्मली. वडील लवकर गेले. सावत्र बाप कडक आणि क्रूर. त्यानं पोरांना शाळेचं तोंड नीट बघू दिलं नाही. मॅगीचं सगळं शिक्षण मिळून दोन वर्षांचंही भरत नव्हतं. तिनं मनाशी एक गाठ बांधली: आपल्याला मुलं झाली तर ती शिकतील, एकूण एक शिकतील. कोवळ्या वयात ती उत्तरेला, ईस्ट शिकागो नावाच्या पोलाद कारखान्यांच्या गावी आली आणि लोकांच्या घरी धुणी-भांडी, स्वयंपाक करू लागली. पुढे ह्यू कोमर या पोलाद कामगाराशी तिचं लग्न झालं.

मॅगी ज्यांच्या घरी काम करायची, त्या घरांत एका गोष्टीकडे तिचं बारीक लक्ष असायचं. ही शिकलेली माणसं आपल्या लेकरांशी कशी बोलतात, जेवताना काय विचारतात, मूल चुकलं तर काय करतात, हे ती पाहून ठेवायची आणि त्यातलं पटलेलं घरी आणायची. तिच्या मुलांनी पुढे मिळून १३ पदव्या मिळवल्या. १९३४ साली जन्मलेला तिचा मुलगा जेम्स डॉक्टर झाला आणि नंतर मुलांच्या मनाचा डॉक्टर झाला. १९८८ साली त्यानं आईच्या आयुष्यावर एक पुस्तकच लिहिलं.

जेम्स कोमर यांना आयुष्यभर एक प्रश्न छळत राहिला. पहिलीपासून त्यांचे तीन जिवलग दोस्त होते. तिघंही त्यांच्यासारखेच काळे, कामगारांच्या घरचे, आणि डोक्यानं तितकेच हुशार. पुढे एक दारूपायी लवकर मेला, एकाचं आयुष्य तुरुंगात गेलं आणि एकाचं मनोरुग्णालयाच्या वाऱ्या करण्यात. डोकं सारखं, वस्ती सारखी, शाळाही तीच. मग फरक पडला कुठे?

त्यांना एक प्रसंग आठवायचा. शाळेत वाचनाची स्पर्धा होती. गावातल्या वाचनालयातून पुस्तकं आणायची आणि वाचायची. जेम्सनं भरपूर वाचली. त्या तिघांनी एकही आणलं नाही. बाई चिडल्या आणि सगळ्या वर्गासमोर त्या तिघांना लागेल असं बोलल्या. पोरं आळशी आहेत असं त्यांना वाटलं. खरी गोष्ट अशी होती की त्या मुलांच्या आईबापांना वाचनालयाच्या त्या मोठ्या इमारतीत पाऊल टाकायचीच भीती वाटायची. तिथं आपल्यासारख्यांनी जायचं असतं का, कुणी हटकलं तर काय बोलायचं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. मॅगी मात्र दार ढकलून आत जात होती आणि पोरांना सोबत नेत होती. तहसील कचेरीत किंवा बँकेत पहिल्यांदा गेलेल्या आपल्यातल्या कुणालाही ही भीती समजावून सांगावी लागणार नाही.

आता १९६८ साल. त्या एप्रिलमध्ये मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला होता. त्याच्या आदल्या वर्षी न्यू हेवनमध्ये दंगल होऊन गेली होती. त्या शहरात येल नावाचं जगप्रसिद्ध विद्यापीठ आहे आणि विद्यापीठाच्या सावलीतच गरीब काळ्या वस्त्या आहेत. येलच्या बाल-अभ्यास केंद्रानं शहरातल्या दोन प्राथमिक शाळा निवडल्या आणि ते काम तरुण डॉक्टर कोमर यांच्याकडे दिलं. एक शाळा बाल्डविन, दुसरी किंग यांच्याच नावाची. शहरातल्या ३३ प्राथमिक शाळांमध्ये परीक्षेच्या निकालात या दोघींचा नंबर ३२ वा आणि ३३ वा. चौथीतली मुलं वाचनात जवळपास दीड वर्ष मागे. हजेरीची रड, शिस्तीची रड, शिक्षक टिकत नाहीत, पालक शाळेकडे फिरकत नाहीत.

कोमर यांच्यासोबत एक समाजकार्यकर्ती, एक मानसशास्त्रज्ञ आणि विशेष मुलांना शिकवणारी एक शिक्षिका होती. विद्यापीठाची माणसं आली म्हणजे सगळं सुधारणार असं तुम्हाला वाटलं असेल. झालं उलटं. पहिले काही आठवडे नुसता गोंधळ. नव्या पद्धतीचे मोकळे वर्ग करून पाहिले, तर पोरं बाकांवर उभी राहून ओरडू लागली, व्हरांड्यात धावू लागली. एका शिक्षिकेनं कोमर यांचा दंड घट्ट धरून ‘मला वाचवा’ म्हटल्याचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पालक भडकले. आमच्या लेकरांवर प्रयोग करता का, असं त्यांनी तोंडावर विचारलं. आमच्या मते हा राग रास्त होता. वरून आलेल्या योजनेत ज्यांची मुलं आहेत त्यांनाच विचारलं नाही, तर असंच होतं.

पण ही माणसं पळाली नाहीत. शाळेत बसून राहिली, बघत राहिली. त्यांच्या लक्षात आलं की इथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतोय. शिक्षक म्हणतात आईबाप बेफिकीर. आईबाप म्हणतात शिक्षकांना आमची मुलं माणसं वाटत नाहीत. मुख्याध्यापक वरच्या कार्यालयाला दोष देतात. आणि सगळे मिळून पोरांना. म्हणून त्यांनी बैठकीचा पहिला नियम केला: इथे दोष कुणालाच द्यायचा नाही. अडचण सांगायची आणि पुढे काय करायचं ते बोलायचं. दुसरा नियम, हात वर करून मतदान घ्यायचं नाही. मतदानात कुणीतरी जिंकतं, कुणीतरी हरतं आणि हरलेला घरी जाऊन बसतो. बोलून बोलून सगळ्यांचं जमेल ते ठरवायचं. तिसरा नियम असा की समितीनं मुख्याध्यापकांचे हात बांधायचे नाहीत आणि मुख्याध्यापकांनी समितीला नुसत्या सह्या करायला बसवायचं नाही. चांगला चालणारा बचत गट याच वाटेनं चालतो. फक्त आपण त्याला असं नाव दिलेलं नाही.

शाळा चालवणाऱ्या त्या समितीत मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि शाळेतले इतर कर्मचारी एकत्र बसायचे. तिच्या बाजूला दुसरी एक टोळी होती, मुलांच्या मनाकडे लक्ष देणारी. तिचं काम एकेका मुलाला तपासून ‘याच्यात बिघाड आहे’ असं लिहून देणं एवढंच नव्हतं. मूल असं का वागलं, आणि शाळेच्या कोणत्या रीतीमुळे वागलं, हे ती शोधायची.

याचं एक उदाहरण कोमर नेहमी देत. आठ वर्षांचा एक मुलगा दक्षिणेतल्या खेड्यातून न्यू हेवनला मावशीकडे आला. मावशीला कामावर जायची घाई. तिनं त्याला शाळेत सोडलं आणि ती गेली. शाळेनं त्याला उचलून एका वर्गात नेऊन बसवलं. अनोळखी शहर, अनोळखी इमारत, समोर तीस अनोळखी तोंडं. बाईंच्या चेहऱ्यावर आधीच वैताग, कारण वर्गात आणखी एकाची भर. पोरगा घाबरला, त्यानं बाईंच्या पायावर लाथ मारली आणि पळत सुटला.

नेहमीची शाळा काय करते? पोराला कार्यालयात नेते, शिक्षा करते, परत वर्गात पाठवते. ते पुन्हा लाथ मारतं. तीनदा झालं की त्याच्या नावावर ‘वाईट मुलगा’ असा शिक्का बसतो आणि तो पुसत नाही. इथे त्या टोळीनं शिक्षकांना एकच विचारलं, तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? आपल्या माणसांपासून तोडून कुणी अनोळखी जागी सोडलं तर माणूस एक तर भांडतो, नाही तर पळतो. पोरानं दोन्ही केलं, एवढंच. मग रीत बदलली. नवं मूल आलं की त्याला आधी शाळा फिरवून दाखवायची, बाईंनी त्याची सगळ्यांशी ओळख करून द्यायची, वर्गातलाच एक सोबती त्याला जोडून द्यायचा. ऊसतोडीहून फडातून फडात, गावातून गावात फिरणाऱ्या लेकरांना आपल्या शाळांत पहिल्या दिवशी कोण भेटतं, हे ऐकताना आमच्या डोक्यात तेच येत होतं.

दुसरं उदाहरण याहून साधं. एक मूल वर्षभर बाईंच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. आठ महिन्यांनी एक दिवस ते बाईंकडे बघून हसलं. बाईंना आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं, कारण दोन महिन्यांत वर्ष संपणार, मूल दुसऱ्या बाईंकडे जाणार आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यावरून शाळेनं ठरवलं की दोन वर्षं मुलं त्याच बाईंकडे ठेवायची. या बदलाला पैसा लागला नाही. पहिल्या वर्षी काहीच प्रगती न दिसलेल्या काही मुलांनी दुसऱ्या वर्षी दोन वर्षांचा अभ्यास भरून काढला.

आता आयांकडे येऊ. शाळेकडे न फिरकणाऱ्या आयांना आत आणायचं कसं? त्या येत नव्हत्या कारण त्यांना आजवर शाळेतून बोलावणं आलं ते तक्रार ऐकायलाच. शिवाय त्यांना स्वतःला लहानपणी शाळेनं जे दिलं होतं ते आठवून अंगावर काटा यायचा. तेव्हा बोलावण्याचं कारणच बदललं. जेवणावळ, मुलांचे कार्यक्रम, पालक आणि शिक्षकांनी मिळून करायची कामं. काही आयांना वर्गात शिक्षिकेच्या मदतनीस म्हणून अर्धवेळ कामावर घेतलं आणि त्याचे पैसे दिले, किमान मजुरीच्या दरानं का होईना. फुकट सेवा करा असं म्हटलं नाही, हे आम्हाला फार आवडलं. गरीब बाईचा वेळ फुकटचा नसतो. पहिल्या वर्षी नाताळच्या कार्यक्रमाला बोटांवर मोजण्याइतके पालक आले होते, पुढे शेकड्यांनी येऊ लागले. वर्गात मावशी-काकू बसलेल्या दिसू लागल्या तसा मुलांचा दंगाही उतरला. शाळेतलं माणूस संध्याकाळी गल्लीत भेटतं म्हटल्यावर पोरं जरा जपून राहतात.

या आयांनी एक मागणी केली. आमच्या मुलांनी मोठं होऊन कुठे कुठे वावरावं असं आम्हाला वाटतं, ते त्यांना इथेच शिकवा. त्यातून १९७७ साली एक अभ्यासक्रम उभा राहिला. राजकारण आणि कारभार, पैसा आणि व्यवहार, आरोग्य आणि आहार, फावला वेळ आणि मनाची श्रद्धा, असे त्याचे भाग होते. कारभाराच्या भागात शहरात महापौरपदाची निवडणूक लागली तेव्हा मुलांनी उमेदवारांना शाळेत यायची निमंत्रणं लिहिली, ते आल्यावर त्यांचं स्वागत केलं, नंतर आभाराची पत्रं लिहिली. पत्र लिहिणं हा भाषेचा धडा झाला. आणि मोठ्या माणसासमोर उभं राहून न अडखळता बोलणं, ज्याची त्या वाचनालयाच्या दाराशी अडलेल्या आईबापांना भीती वाटायची, तोही धडा झाला.

वर्षं गेली. बाल्डविन शाळा मध्येच या कामातून बाहेर पडली, तिच्या जागी ब्रेनन नावाची शाळा आली. वस्ती तीच गरीब, पैसा तोच तुटपुंजा. पण १९८४ साली चौथीच्या परीक्षेत या दोन शाळा शहरात तिसऱ्या आणि चौथ्या आल्या. किंग शाळेची हजेरी शहरात पहिल्या-दुसऱ्या नंबरावर राहू लागली. लक्षात घ्या, आधी गणित-वाचनाच्या शिकवण्या वाढवल्या आणि मग मुलं सुधारली असं झालेलं नाही. मुलांना शाळेत आपलं माणूस मिळालं, भीती गेली, त्यानंतर गणित आलं.

इथपर्यंत छोट्या मुलांची गोष्ट. आपला प्रश्न सहावी-सातवीचा आहे, आणि न्यू हेवनलाही तोच प्रश्न पुढे पडला. अकरा-बारा वर्षांचं पोर प्राथमिक शाळा सोडून मोठ्या शाळेत जातं, एका बाईंऐवजी सात विषयांचे सात शिक्षक येतात, अंगात बदल होतात, दोस्तांचं म्हणणं आईपेक्षा मोठं वाटू लागतं. १९८० च्या दशकात येलचे मानसशास्त्रज्ञ रॉजर वाइसबर्ग आणि तिथल्या शाळांत काम करणारे टिमोथी श्रायव्हर यांनी शहराच्या शाळाखात्यासोबत मधल्या वर्गांसाठी तासिका तयार केल्या. त्यासाठी शाळाखात्यात वेगळा विभागच उघडला.

त्या वर्गांच्या भिंतीवर एक चित्र लावलेलं असे: रस्त्यावरचा सिग्नल. लाल दिवा म्हणजे थांब, शांत हो, काही करण्याआधी विचार कर. पिवळ्या दिव्यात काम जास्त. नेमकी अडचण काय आणि मला काय वाटतंय ते शब्दांत सांग, मला काय हवंय ते ठरव, एक नाही तर पुष्कळ उपाय काढ, आणि प्रत्येक उपायाचं पुढे काय होईल ते बघ. हिरवा दिवा म्हणजे त्यातला चांगला उपाय करून पाहा. मुलं हे नुसतं पाठ करत नसत. कुणी चिडवलं, कुणी खेळात घेतलं नाही, कुणी सिगारेट ओढायला बोलावलं, अशी खरी भांडणं घेऊन ती वर्गात करून बघत. आमच्या मते यातला पिवळा दिवाच महत्त्वाचा. आपण पोरांना ‘थांब’ आणि ‘कर’ एवढंच शिकवतो. मधलं ‘तुला काय वाटतंय’ हे विचारायचं राहूनच जातं. मुलाला तर कोणीच विचारत नाही, रडू नकोस एवढंच सांगतात.

१९९४ साली या लोकांनी मिळून देशभर असं काम पसरवणारी संस्था काढली. २०११ मध्ये अशा २१३ कार्यक्रमांचा एकत्र हिशोब छापला गेला. त्यात २,७०,००० हून जास्त मुलं होती. ज्या मुलांना असे धडे मिळाले त्यांचं वागणं सुधारलं, मनाचा ताण कमी झाला, आणि अभ्यासातही ती बाकीच्यांच्या पुढे गेली, असं त्यातून दिसलं.

इथेच गोष्ट संपवली असती तर कानाला गोड लागली असती. पण इतिहास पुरता सांगायचा तर फसलेलंही सांगायला हवं. कोमर यांची पद्धत नावाजली गेली आणि शेकडो शाळांनी उचलली. मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस परगण्यात मधल्या वर्गांच्या शाळांमध्ये ती नेली, आणि १९९९ साली तिचा तपास छापून आला: फरक काहीच नाही. कारण शोधलं तर समित्या कागदावर होत्या. त्या शाळांत आणि शेजारच्या साध्या शाळांत प्रत्यक्ष कामाचा फारसा फरकच नव्हता. पुढच्याच वर्षी शिकागोच्या गरीब वस्त्यांतल्या पाचवी ते आठवीच्या मुलांचा तपास आला. तिथे शाळेतलं वातावरण सुधारलं होतं, दांडगाई कमी झाली होती, गुणही थोडे वाढले होते. नाव एकच, पद्धत एकच, पण एकीकडे झालं आणि दुसरीकडे नाही. अलीकडे, २०२२ मध्ये, इंग्लंडकडे आठ हजारांवर मुलांना शाळेत मन एकाग्र करण्याचे धडे देऊन पाहिले. मुलं ११ ते १४ वयाची. नेहमीच्या शाळेपेक्षा त्यांच्या मनाला काही जास्त आराम पडला नाही. नुसती तासिका वाढवून मन सांभाळलं जात नाही, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो.

आता आपल्या देशात येऊ. बिहारच्या ग्रामीण भागात २०१३-१४ च्या सुमारास मधल्या वर्गांतल्या साडेतीन हजारांच्या आसपास मुलींसोबत एक काम झालं. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना तयार करून त्यांनी मुलींचे गट चालवले. मनातलं बोलायचं कसं, अडचणीत डगमगायचं नाही ते कसं, भांडण मिटवायचं कसं, हे गोल करून बसून. त्या मुलींचा धीर वाढला, आणि आरोग्याच्या माहितीतही त्या पुढे गेल्या.

त्याहून बोलकी गोष्ट नालंदा जिल्ह्यातली. गोव्यात १९९६ पासून मनाच्या आरोग्यावर काम करणारी ‘संगाथ’ ही संस्था आहे. तिनं नालंदातल्या ७४ सरकारी शाळांत २०१५-१६ साली एक कार्यक्रम केला. मुलं नववीची होती, म्हणजे आपल्या प्रश्नातल्या मुलांपेक्षा जरा मोठी. शाळेत भित्तिपत्रक, मनातली तक्रार चिठ्ठीवर लिहून टाकायची पेटी, परिपाठात गप्पा, स्पर्धा, ज्याला गरज त्याच्याशी एकट्यानं बोलणं, आणि पालक-शिक्षक-मुलांची समिती, असं सगळं त्यात होतं. काही शाळांत हे काम एका शिक्षकाकडे दिलं. काही शाळांत त्याच भागातल्या, डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या माणसाकडे दिलं. बाकीच्या शाळा होत्या तशाच ठेवल्या. २०१८ साली निकाल जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जिथे हे बाहेरचं माणूस होतं तिथे मुलांची उदासी कमी झाली, दादागिरी आणि मारहाण कमी झाली, शाळा आपलीशी वाटू लागली. दुसऱ्या वर्षी हा फरक आणखी वाढला. जिथे शिक्षकाकडे काम दिलं होतं तिथे काहीच बदललं नाही.

यावरून शिक्षकांवर तोंडसुख घ्यायचं नाही. निवडणुकीची याद्या-कामं, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं, वरून शिकवणं, त्यात हे आणखी एक ओझं. आणि ज्याच्या हातात गुणपत्रक आहे त्याच्याजवळ पोर मन मोकळं करायला जरा बिचकतंच. नालंदातली ही गोष्ट आम्हाला न्यू हेवनच्या मदतनीस आयांची आठवण करून देते. दोन्हीकडे शाळेतलं, पण मास्तर नसलेलं माणूस होतं.

महाराष्ट्रातही हे अगदी नवं नाही. २००९ साली बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांत मूल्यवर्धन कार्यक्रम सुरू झाला, तो पुढे राज्यभर गेला. तुमच्यापैकी अनेकींच्या मुलांनी ती पुस्तकं हाताळली असतील. २०२२ पासून शाळांमध्ये सखी सावित्री समिती नेमायची आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो २००९ चा शिक्षण हक्क कायदा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानं मुलाला मारणं तर बंद केलंच, मनाला छळणंही बंद केलं. ‘तुझ्या डोक्यात शेण भरलंय’ हे वर्गासमोर म्हणणं हा कायद्यानं गुन्ह्यासारखाच प्रकार आहे, हे फार जणींना माहीत नसतं. २१ व्या कलमानं शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात ७५ टक्के आईबाप किंवा पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका हव्यात. कोमर यांना दोन शाळांत वर्षानुवर्षं झगडून जे मिळवावं लागलं, ते आपल्याकडे कायद्याच्या कागदावर आयतं आहे.

कागदावर, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. आमच्या भागातल्या एका समितीत सात बायका आहेत. त्यांतल्या चौघींना आपण सभासद आहोत हे आम्ही यादी वाचून दाखवली तेव्हा कळलं. सहीचं पुस्तक घरी येतं, सही होते, पुस्तक परत जातं. मेरीलँडमध्ये वेगळं काय होत होतं?

ज्या गावात गटातल्या दोघी-तिघी खरोखर बैठकीला जाऊन बसतात, तिथे विषय आपोआप बदलतात, हे आम्ही पाहिलं आहे. आधी खिचडीतला तांदूळ, संडासाचं दार, मग मुलींच्या येण्याजाण्याची वाट, आणि तिसऱ्या-चौथ्या बैठकीला हळूच कुणीतरी म्हणते, माझा पोरगा हल्ली बोलत नाही, वर्गात कसा असतो हो? बाईंनाही ते विचारायचंच असतं. एका शाळेनं यंदा चिठ्ठ्यांची पेटी लावली. कुलूप सखी सावित्री समितीतल्या अंगणवाडी ताईंकडे ठेवलं, शाळेकडे नाही. पहिल्या महिन्यात अकरा चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतल्या सहा एसटीत मागच्या बाकावरच्या मोठ्या मुलांबद्दल होत्या. आता त्या एसटीत सकाळी एक आई बसते, पाळीपाळीनं.

मूल फारच मिटून गेलं असेल, जेवण-झोप तुटली असेल, किंवा जगण्यावरच्या कंटाळ्याचं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि समितीच्या बैठकीची वाट बघत बसू नका. १४४१६ हा टेलिमानसचा फोन फुकट आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. आशाताईंना सांगितलं तर त्या आरोग्य केंद्रात नेतात.

शाळा व्यवस्थापन समितीनं शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा करायचा असतो, तो बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकच लिहून टाकतात. पुढच्या बैठकीत तो मागून घ्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा. त्यात इमारत, पत्रे, संगणक सापडतील. नवीन आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कोण भेटणार, हे कुठे लिहिलंय का ते बघा, आणि आम्हाला कळवा. पुढच्या महिन्याच्या भागात तुमचीच पत्रं वाचणार आहोत.